पाच वर्षांची चकाकी

जुलैतला रविवार होता. रात्रभर कोसळून पावसाने सकाळी जरा उसंत घेतली होती. दूध आणायला खाली उतरले, सहज आमच्या गाडीकडे नजर गेली आणि माझा चेहराच उतरला. बॉनेटवर पाण्याचे ते टपोरे मोती कुठेच नव्हते. पाणी नुसतं पसरलं होतं, जुन्या ताटावर पसरावं तसं.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? पण याच मोत्यांसाठी १४ महिन्यांपूर्वी आम्ही तब्बल २८,००० रुपये मोजले होते! यांची बदली कोलकात्याला झाली, हाजरा रोडजवळ घर मिळालं आणि पाठोपाठ गडद निळी गाडी आली. गाडीबरोबर विक्रेत्याचा सल्लाही आला, "सिरॅमिक कोटिंग करून घ्या मॅडम, पाच वर्षं रंगाकडे बघायला नको." हे म्हणत होते, कशाला उगीच? हट्ट माझाच होता.

आता गुन्हेगार शोधणं आलं. तो शोधायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. आमच्या इमारतीतल्या नऊ गाड्या रोज पहाटे चाचा पुसतात. साठीच्या घरातले, मूळचे बिहारचे. हातात एकच बादली आणि एकच फडकं. त्या महिन्यात त्यांच्या सातशे रुपयांतून मी दोनशे कापून घेतले. "तुमच्या घासण्याने आमचं कोटिंग गेलं," असंही सुनावलं. त्यांनी पाचशे रुपये मोजले, खिशात ठेवले आणि काही न बोलता पुढच्या गाडीकडे वळले. त्यांचं ते न बोलणं मला कबुलीच वाटलं.

गणपतीत महाराष्ट्र निवासात गेले, तेव्हा सगळ्यांना हीच कर्मकहाणी ऐकवली. तिथल्या एका काकांनी तीस वर्षं अ‍ॅम्बेसेडर चालवलेली. ते म्हणाले, "आधी मल्लिकबाजारात माझ्या रंगाच्या मिस्त्रीला गाडी दाखव. मग कुणाला दोष द्यायचा तो दे."

मल्लिकबाजार म्हणजे कोलकात्यातला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. मिस्त्रींचं सगळं आयुष्य गाड्या रंगवण्यात गेलेलं. उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ साली अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन थांबलं, त्याआधी कितीतरी पिवळ्या टॅक्सी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. "तेव्हा रंग जुना झाला की नवा मारायचा, एवढंच माहीत होतं," ते हसून म्हणाले. मग त्यांनी मला खुर्ची दिली आणि जे सांगितलं ते पैसे भरताना मला कुणीच सांगितलं नव्हतं.

गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर असतो. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे सगळा रंग दोन केसांएवढाच जाड! त्यावरचं सिरॅमिक तर एखाद-दोन मायक्रॉनचं. ते बाटलीतून द्रवरूपात येतं. त्यात सिलिकॉनची संयुगं असतात. पातळ हाताने लावलं की त्यातला द्रावक उडून जातो आणि मागे काचेच्या जातीची कडक, पातळ साय उरते. ती रंगाला घट्ट धरून बसते. पाणी तिला चिकटत नाही, म्हणून त्याचे मोती होतात.

"पण मग पाच वर्षं?" मी विचारलं.

मिस्त्री म्हणाले, "दीदी, मेण लावलं तर काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकतं. त्यामानाने हे खूपच टिकाऊ. उघड्यावर राहणाऱ्या गाडीवर एक ते तीन वर्षं धरा. गॅरेजात राहणारी, नीट धुतलेली गाडी असेल आणि चांगलं कोटिंग नीट लावलेलं असेल, तर त्याहून जास्त. बाटलीवरचा आकडा हा अशा लाडक्या गाडीचा असतो."

आणि ते '९ एच'? विक्रेत्याने तो आकडा अगदी हिऱ्याच्या थाटात सांगितला होता. मिस्त्री म्हणाले, तो पेन्सिलींचा हिशेब. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली थरावर ओढून बघतात, ओरखडा उमटतो का ते. ९ एच ही त्यातली फार कडक पेन्सिल. रस्त्यावरचा दगड काही पेन्सिल नसतो!

मग त्यांनी बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावली. डावी बाजू तशीच ठेवली. उजवी बाजू आधी गाडीच्या शाम्पूने धुतली, मग पाण्यातले साचलेले क्षार काढणारं सौम्य आम्लाचं द्रावण फिरवलं, स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपली. दोन्हीकडे मगभर पाणी ओतलं. डावीकडे पाणी पसरून बसलं आणि उजवीकडे, काय सांगू, टपोरे मोती घरंगळायला लागले!

म्हणजे कोटिंग गेलंच नव्हतं. त्यावर माती आणि क्षारांची पुटं चढली होती, इतकंच.

टपावर मात्र ते खरंच गेलं होतं. तिथे धुऊनही मोती झाले नाहीत. ऊन सगळ्यात जास्त टपालाच लागतं, पक्ष्यांची घाण तिथेच पडते आणि पाण्याचे थेंब तिथेच वाळतात. आमची गाडी झाडाखाली उभी असते, त्यामुळे कावळ्यांची कृपा रोजचीच. ही घाण उन्हात वाळली की कोटिंगलाच काय, खालच्या रंगालाही खाते.

मिस्त्रींनी दारावर विजेरी धरली. बारीक, गोल गोल ओरखडे चमकले. "हे रेतीचे. गाडी कुठल्या पाण्याने धुता?"

मला माहीतच नव्हतं! पत्रकारितेच्या पदविकेच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय बातमी लिहायची नाही. इथे मी दुसरी बाजू न ऐकताच शिक्षा देऊन मोकळी झाले होते. घरी येऊन कपाटातलं हमीपत्र काढलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की दरवर्षी त्यांच्याकडे तपासणी करून घ्यायची, साबणाची पावडर वापरायची नाही, कोरडी धूळ पुसायची नाही. खाली सही माझी होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे खाली गेले आणि चाचांना विचारलं, "पानी कहाँ से लाते हैं?"

त्यांनी रस्त्याकडेच्या नळाकडे बोट दाखवलं. कोलकात्यात रस्ते धुवायला हुगळीचं न गाळलेलं पाणी वेगळ्या नळांनी येतं. पेल्यात धरलं तर तळाशी गाळ बसेल असं ते पाणी. पावसाळ्यात तर विचारूच नका.

"इमारतीच्या नळाचं का नाही घेत?"

"भाभीजी, मीटिंग में मना हो गया न. पिछले साल."

मी गप्पच झाले. ती मीटिंग मला लख्ख आठवली. टाकीचं पाणी गाड्या धुवायला द्यायचं नाही, असा ठराव आला होता आणि हात वर करणाऱ्यांत मीही होते. नऊ गाड्यांचं पाणी चाचा कुठून आणणार, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडलाच नाही. हातातलं फडकंही मी पाहिलं. ते यांचं जुनं बनियन होतं. मीच दिलेलं.

मी त्यांचे दोनशे रुपये परत केले. चुकलं माझं, असंही म्हटलं. त्यांनी नोटा मोजल्या, खिशात ठेवल्या आणि काही न बोलता पुढच्या गाडीकडे वळले, अगदी गेल्या वेळेसारखेच. पण या वेळी त्याचा अर्थ लावायचं धाडस मला झालं नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये मीच विषय काढला. थोडी वादावादी झाली, पण गाडीमागे रोज दोन बादल्या पाणी मंजूर झालं. आता एका बादलीत शाम्पूचं पाणी आणि दुसरीत फडकं खळबळायचं साधं पाणी असतं. चाकांचं फडकं वेगळं. कोरडं झटकणं बंद. पक्ष्याची घाण दिसली की ओलं कापड त्यावर पाच मिनिटं ठेवून उचलायची, घासायची नाही. विश्वकर्मापूजेला, १७ सप्टेंबरला, इथे प्रत्येक गाडीला हारशेंदूर होतो. तो शेंदूर आम्ही आता बॉनेटऐवजी नंबरप्लेटला लावतो.

तुम्हीही असा खर्च करणार असाल, तर पैसे देण्यापूर्वी तीन प्रश्न जरूर विचारा. हमीत वर्षाकाठी तपासणीचा खर्च किती? कोणत्या कारणांनी हमी रद्द होते? आणि पक्ष्यांची घाण, क्षारांचे डाग त्यात धरले आहेत का? चौथा प्रश्न स्वतःला विचारा, आपली गाडी रोज कोण पुसतं आणि त्याच्या हातात आपण काय दिलं आहे?

आता कोटिंगला दोन वर्षं होऊन गेली आहेत. टपावर पाणी पसरतं, ते तसंच राहणार. दारांवर आणि बॉनेटवर मात्र अजून मोती होतात. यंदाच्या पहिल्या पावसात सकाळी बेल वाजली. दारात चाचा होते, दोन वर्षांत पहिल्यांदाच आमच्या मजल्यावर आलेले.

"भाभीजी, नीचे आकर देखिए," ते म्हणाले, "पानी फिसल रहा है."

हातातलं पीठ तसंच ठेवून मी त्यांच्यामागे जिना उतरले.