ढालकिडा आणि ऊन

दिल्ली, पोहा, मंगरूळ आणि दारव्हा या कारंजा लाडच्या चार वेशींची ख्याती श्रीनृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानाच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूच्याही कानी असते. पण गावाबाहेर पऱ्हाटीच्या किंवा करडईच्या पानावर मावा टिपीत बसलेल्या ढालकिड्याच्या इवल्या देहालाही तशाच वेशी असून त्यांवरचा बंदोबस्त गावच्या वेशींहून कडक असतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. छाती-पोटाच्या दोन्ही बाजूंच्या सूक्ष्म रंध्रांतून हवा आत शिरते आणि नळ्यांच्या शाखोपशाखांतून थेट पेशींपर्यंत पोहोचते. फुप्फुसे नाहीत, आणि प्राणवायू वाहण्याच्या कामी रक्ताची चाकरीही जवळजवळ नाही. रेशीमकिड्याच्या रंध्रांवर तेल लावले असता तो गुदमरतो, हे इटलीच्या माल्पिघीने 1669 सालीच नोंदवून ठेवले आहे.

आपल्या जठराग्नीचा ताप बाहेर हिवाळा असो की वैशाख, फारसा ढळत नाही. ढालकिड्याला मात्र अशी वतनदारी लाभलेली नाही, आणि हवेचे तापमान जो हुकूम देईल तो त्याच्या चयापचयास निमूट पाळावा लागतो. दहा अंश उष्णता वाढली की रासायनिक क्रियेचा वेग साधारणतः दुपटी-तिपटीने वाढतो, हा व्हान्ट हॉफच्या नावाने ओळखला जाणारा नियम या चिमुकल्या देहातही चालतो: श्वास वाढतो, भूक वाढते, माव्याचा फडशा अधिक त्वरेने पडतो. पौषातल्या गारठलेल्या पहाटे तो पानाला चिकटून निश्चल असतो. ऊन चढून पाठीवरची ढाल तापू लागली, की मगच त्याचा दिवस उजाडतो. गडद रंगाची पाठ लवकर तापते. हॉलंडमधल्या दोन ठिपक्यांच्या ढालकिड्यांत काळे किडे लालांपेक्षा अधिक ऊब घेतात, असे आढळले आहे.

वैदर्भीय ग्रीष्मात पारा चव्वेचाळीस अंशांपलीकडे गेला, की हाच नियम त्याच्यावर उलटतो. प्राणवायूची मागणी वाढल्यामुळे रंध्रे उघडावीत, तर देहातील ओलावा वाफ होऊन जातो. पाणी राखण्यासाठी ती मिटावीत, तर श्वासाची कोंडी होते. आणि एका मर्यादेपलीकडे विकरेच कोलमडतात. असा प्रतिकूल काळ पुष्कळ ढालकिडे सुप्तावस्थेत काढतात: श्वसन मंदावते, अंडी घालणे थांबते, आणि संचित चरबीच्या शिलकीवर महिने निभावतात. याला आळस म्हणणाऱ्याने मे महिन्यातील दुपारी स्वतः शेतात उभे राहून पाहावे.

मला अधिक कुतूहल वाटते ते थंडीतल्या विषम शर्यतीचे. मावा पाच-सहा अंशांच्या आसपासही हळूहळू वाढू शकतो, ढालकिड्याच्या वाढीस मात्र साधारण दहा-बारा अंशांची उष्णता हवी. उबदार दिवसांत अंड्यापासून प्रौढापर्यंत त्याला दोन-तीन आठवडे पुरतात, गारठ्यात तीच मजल महिन्यापलीकडे जाते. साहजिकच डिसेंबरात करडई माव्याने काळवंडू लागते तेव्हा हा मित्र कुठे दडला, अशी शेतकऱ्याची तक्रार असते आणि फवाऱ्याची तजवीज सुरू होते. वस्तुतः तो तिथेच असतो, पण अळीच्या रूपात: काळसर, लांबट, नारिंगी ठिपक्यांची, पाठीवर बारीक काटे असलेली ही अळी लाल ढालकिड्याचे लेकरू आहे हे न कळल्याने पुष्कळदा तीच शत्रू समजून चिरडली जाते.