वेलचेरीच्या मावशीकडून, कॉलेजला निघालेल्या मुलांसाठी

मे महिना संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाच्या नणंदेचा मुलगा, कुणाच्या शेजारणीची मुलगी. "चेन्नईला फादर लोकांच्या कॉलेजात ॲडमिशन झालीय. तुम्ही तिकडे असता ना? काय काय लागेल?" मी वेलचेरीत गेली सतरा वर्षं राहते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आले आणि इथलीच झाले. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून यंदा लिहूनच काढलंय. मुलांनी वाचावं आणि आईबाबांनीही वाचावं. का, ते पुढे कळेल.

आधी कॉलेजांबद्दल. आपल्याला मुंबईचं १८६९ सालचं सेंट झेवियर्स माहीत असतं. ते ज्या जेझुइट संघाचं, त्याच संघाचं इथलं लोयोला कॉलेज. फ्रेंच जेझुइट फादर बर्ट्राम यांनी ते १९२५ साली सुरू केलं. मुलींचं स्टेला मॅरिस १९४७ सालचं, ते फ्रान्सिस्कन सिस्टरांचं. ही विद्यापीठं नव्हेत, मद्रास विद्यापीठाशी जोडलेली स्वायत्त कॉलेजं आहेत. अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेज स्वतः ठरवतं, पदवी विद्यापीठाची मिळते. म्हणून नियम विचारायचे ते आपल्या कॉलेजच्या ऑफिसात. दुसऱ्या कॉलेजातल्या मित्राने सांगितलेला नियम तुम्हाला लागू असेलच असं नाही.

आईबाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, तोही हळू आवाजात. "तिथे धर्माचं काही करायला लावत नाहीत ना?" माझ्या बहिणीनेही विचारला होता. मी पाहिलंय ते सांगते. वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असतात. सकाळी प्रार्थना होते, तेव्हा उभं राहायचं. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षणाचा तास असतो, त्या वेळी बाकीच्यांना नीतिशिक्षणाचा. आवारातलं चॅपल सगळ्यांना उघडं असतं. परीक्षेच्या दिवसांत तिथे नुसतं शांत बसायला येणारी कितीतरी मुलं असतात, टिळा लावलेलीही.

एक रीत मात्र ठाऊक हवी. वर्षाच्या सुरुवातीला किंवा सणाला मिसा असते, तिथे तुम्ही पाहुणे म्हणून बसू शकता. शेवटी लोक रांगेने पुढे जाऊन कम्युनियन घेतात. आपल्याला वाटतं प्रसाद आहे, हात पुढे करावा. तसं करायचं नाही. ते फक्त दीक्षा झालेल्या कॅथलिकांसाठी असतं. आपण जागेवर बसून राहिलं तर कुणाला वाईट वाटत नाही. धर्मगुरूंना फादर म्हणायचं, साध्वींना सिस्टर. अजून फादर न झालेल्यांना ब्रदर. शिकवणारे बाकीचे सर आणि मॅम. आणि घरच्यांची भीती घालवायची असेल तर त्यांना सांगा, मराठीतलं 'क्रिस्तपुराण' थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट फादरनेच लिहिलंय, १६१६ साली, गोव्यात. या लोकांची आणि आपल्या भाषेची ओळख चारशे वर्षांची आहे.

आता कागदपत्रं. तुम्ही महाराष्ट्र बोर्डातून बारावी झाला असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट निकाल लागल्याबरोबर मागून घ्या. परराज्यातल्या बोर्डाच्या मुलांना विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्रही काढावं लागतं. प्रत्येक कागदाच्या पाच-सहा झेरॉक्स घ्या आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या झिपच्या फाइलमध्ये ठेवा. याचं कारण वेलचेरीत राहणाऱ्याला विचारा. आमचा भाग सखल, पलीकडे पळ्ळीकरणैची पाणथळ. २०१५ च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२३ च्या मिचाँग वादळात इथे घराघरात पाणी शिरलं. इथला मोठा पाऊस जुलैत येत नाही, तो ऑक्टोबर ते डिसेंबर येतो, नेमका परीक्षेच्या तोंडावर. तळमजल्यावर खोली घेतली असेल तर कागद आणि वह्या कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. पावसाची सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात, तेव्हा सकाळी बातमी बघूनच निघा.

वेळापत्रकाची गंमत तर पहिले आठ दिवस कळतच नाही. इथल्या बऱ्याच कॉलेजांत सोमवार, मंगळवार असं वेळापत्रक नसतं. 'डे ऑर्डर' असते, एक ते सहा. सोमवारी दुसरी ऑर्डर असेल आणि मंगळवारी सुट्टी आली, तर बुधवारी तिसरी. म्हणजे सुट्टीमुळे कुठलाच तास बुडत नाही. रोज रात्री उद्याची ऑर्डर बघून दप्तर भरायचं. आपण ज्याला एटीकेटी म्हणतो त्याला इथे 'अरिअर' म्हणतात. आणि भाषेचा पेपर म्हणून तमिळ न घेता हिंदी, फ्रेंच किंवा संस्कृत घेतलं, तरी शाळेत तमिळ न शिकलेल्यांना पहिल्या वर्षी बेसिक तमिळ असतं. त्याला कपाळाला आठ्या घालू नका. तीन वर्षांत सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा विषय तोच आहे.

आता हजेरी. याच्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

२०१९ च्या जूनमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा सोलापूरहून आमच्याकडे राहायला आला. त्या उन्हाळ्यात चेन्नईची धरणं कोरडी पडली होती. आमच्या गल्लीत टँकरची रांग लागायची आणि हा बिचारा पहिल्या दिवसापासून बादल्या भरायला लागला. गुणी पोर. कॉलेज कॅथलिकच, नाव मुद्दाम सांगत नाही. मी ठरवलं होतं की याला काही कमी पडू द्यायचं नाही. पहाटे उठून पोळीभाजीचा डबा. घरात सगळे मराठी बोलणारे. संध्याकाळी चहाबरोबर विचारायचं, "कसं चाललंय रे?" तो म्हणायचा, "बरं चाललंय, मावशी." मी समाधानाने भांडी घासायला जायची.

ऑक्टोबरच्या शेवटी त्याच्या मेंटर सरांचा फोन आला. पहिल्या वर्षाच्या मुलांना असे एक शिक्षक नेमून दिलेले असतात. तो तेव्हा दिवाळीला सोलापुरात होता. सर म्हणाले, त्याची हजेरी भरत नाही, त्याला परीक्षेला बसता येणार नाही कदाचित. मी म्हटलं, काहीतरी चूक असेल, तो रोज सकाळी सातला निघतो.

हिशोब असा. एका सेमिस्टरला साधारण ९० दिवस धरले तर ७५ टक्के म्हणजे ६८ दिवस हवेत. २२ दिवस बुडाले तर चालतात. ऐकायला भरपूर वाटतात. त्याचे प्रवेशाच्या गडबडीत चार दिवस गेले. ऑगस्टमध्ये ताप आला, पाच दिवस. दिवाळीचे नऊ. झाले अठरा. तरी चार शिल्लक राहायला हवे होते. पण सरांच्या वहीत पंचवीस दिवस गैरहजेरी होती. मधले सात दिवस कुठे गेले, ते मला ठाऊक नव्हतं.

तो परत आला तेव्हा मी रागावले नाही, नुसतं विचारलं. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, त्या सात दिवशी तो वेलचेरी स्टेशनवरून लोकलमध्ये बसायचा, चेन्नई बीचपर्यंत जायचा, परत वेलचेरीला यायचा, पुन्हा बीचला जायचा. पास होताच. डबा गाडीतच खायचा. कॉलेज सुटायच्या वेळेला घरी. का? कुणी त्रास दिला नव्हता. कुणी वाईटही वागलं नव्हतं. वर्गात सगळे तमिळमध्ये हसायचे आणि याला कळायचं नाही कशावर हसतायत. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे मेसमध्ये, कँटीनमध्ये घोळक्याने जायचे, हा माझा डबा घेऊन एका बाकावर. "मावशी, चार महिन्यांत मला कुणी नावाने हाक मारली नाही," म्हणाला.

मला काय वाटलं ते सांगत नाही. पण दोन गोष्टी माझ्याकडून झाल्या होत्या, त्या सांगते. दिवाळीला नऊ दिवस जा असं मीच म्हटलं होतं. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी भरपूर, शाळेपासून तीच सवय. इथे दिवाळी म्हणजे नरकचतुर्दशीचा एक दिवस. २०१९ साली तर ती रविवारीच आली होती. मी सतरा वर्षांपैकी अकरा तेव्हा इथे काढली होती, मला हे माहीत होतं. पण बहीण फोनवर रडली आणि मी तिकीट काढून दिलं. दुसरी गोष्ट म्हणजे तो डबा. माझ्या मायेच्या डब्यानेच त्याला त्या बाकावर एकटं बसवलं होतं.

आम्ही दोघं सरांना भेटायला गेलो. त्याने सात दिवसांचं खरं कारण स्वतः सांगितलं. मी मध्ये बोलायला गेले तर सरांनी हाताने थांबवलं. हजेरी थोडीशीच कमी असेल आणि कारण पटलं तर बऱ्याच कॉलेजांत 'कन्डोनेशन' म्हणून फी भरून परीक्षेला बसू देतात. तापाचं डॉक्टरांचं पत्र होतं, तीन दिवसच कमी पडत होते. बसू दिलं. एका विषयात अरिअर राहिला, तो त्याने पुढे सोडवला. सर जाताना मला एवढंच म्हणाले, "त्याला आठवड्यातून दोन-तीन दिवस डबा देऊ नका."

मी दिला नाही. पहिल्या दिवशी माझाच घास उतरेना. तो मेसमध्ये जेवला. सांबार, रसम, ताक आणि भाताचा डोंगर. समोरच्या मुलाने विचारलं, "साप्टीया?" याला बेसिक तमिळमुळे तेवढं समजलं. जेवलास का? आपल्याकडेही लोक हेच विचारतात की! तिथून सुरुवात झाली. पुढच्या मार्चमध्ये लॉकडाउन लागलं आणि तो सोलापूरला गेला, पण तोवर फोनवर बोलायला त्याला चार मित्र होते. २०२२ साली पदवी घेऊन बाहेर पडला. सगळं छान झालं असं म्हणणार नाही. ती वेलचेरी–बीच गाडी दिसली की आजही माझ्या पोटात कालवतं.

म्हणून मुलांनो, माझं एवढं ऐका. हजेरी स्वतःच्या वहीत लिहा, कॉलेजच्या भरवशावर राहू नका. बावीस दिवसांतले दहा तापासाठी आणि पावसासाठी बाजूला ठेवा. घरी जायचं ते नाताळच्या सुट्टीत जा. या कॉलेजांत ती दिवाळीपेक्षा मोठी असते. गर्दी असते, म्हणून रेल्वेचं आरक्षण उघडलं की लगेच काढा. पहिल्या महिन्यात एका तरी क्लबमध्ये नाव घाला, मग तो नाटकाचा असो की वस्तीतल्या मुलांना शिकवायचा. आणि मेंटर सर किंवा मॅम कोण, हे पहिल्याच आठवड्यात शोधा. त्यांना अडचण सांगायला ती मोठी होईपर्यंत थांबू नका. हॉस्टेलला राहणार असाल तर सिस्टर दार लवकर बंद करतात म्हणून चिडाल. पण तुम्ही जेवायला आला नाहीत हे सगळ्यात आधी त्यांच्याच लक्षात येतं.

आणि आईबाबांनो, मावशी-काकांनो, "कसं चाललंय?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "बरं" हेच असतं. "आज कुणाबरोबर जेवलास?" असं विचारा. उत्तरात एखादं नाव आलं तर निश्चिंत झोपा. सलग आठ दिवस नाव आलं नाही, तर फोन ठेवू नका.

वेलचेरीत आलात तर घरी या. पोळीभाजी मिळेल. डबा मात्र बांधून देणार नाही.