अर्थ लागत नाही

जुनी वस्तू बाळगणाऱ्या माणसाला एक सूक्ष्म अहंकार असतो. नव्या वस्तूवाल्यांकडे तो थोड्या दयाबुद्धीने पाहतो. मीही याच पंथातला. माझ्याजवळ वडिलांची मोटारसायकल आहे. ते गेल्यावर मी ती विकली नाही. उलट सगळी खोलून घेतली आणि तिच्या चासीला काळाभोर रंग दिला. वडिलांच्या हयातीत त्यांच्यासाठी जे करायचे राहिले, ते त्यांच्या गाडीसाठी केले म्हणाना!

रंग झाला आणि गाडीला ग्रहण लागले. संध्याकाळी शाळेतून परतताना दिवा पिवळा पडे, हॉर्न घोगरा होई, आणि बॅटरी वरचेवर मान टाकी. मिस्त्रींनी रेग्युलेटर बदलला. तो चार महिने टिकला. दुसरा घातला, तोही गेला. तिसऱ्या खेपेस आतली कॉइलच जळाली. माझा तोल सुटला. माझे दोन माजी विद्यार्थी गॅरेजात उभे होते. त्यांच्या देखत मी म्हणालो, "मिस्त्री, वडिलांच्या वेळी तुम्ही असला खोटा माल घालत नव्हता."

मिस्त्री काही बोलले नाहीत. हातातला पाना त्यांनी फडक्याने पुसला. "गाडी राहू द्या इथं," एवढेच म्हणाले.

मास्तराचा राग शेवटी पुस्तकाकडे वळतो. त्या रात्री मी वाचीत बसलो. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलला की तारेत वीज उपजते, हे फॅरडेने १८३१ साली दाखवले. माझ्या गाडीत इंजिनाबरोबर चुंबक फिरतो आणि कॉइलमध्ये वीज उपजते. पण हा चुंबक कायमचा. 'आता पुरे' असे त्याला सांगण्याची सोय नाही. इंजिन धावेल तशी वीज होतच राहणार. बॅटरी मात्र १२ व्होल्टची, तिला साधारण साडेचौदा व्होल्टच्या वर सोसत नाही. मग जादा विजेचे करायचे काय? रेग्युलेटर ती वळवून पुन्हा कॉइलमध्येच फिरवतो, आणि त्या खटाटोपात दोघेही तापतात. १९६० नंतरच्या दशकात अनेक इंग्लिश मोटारसायकलींवर ही जादा वीज झेनर डायोड नावाचा एक लहानसा भाग पीत असे. तो फार तापे, म्हणून त्याला अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर बसवून वाऱ्यात ठेवीत.

म्हणजे आपण दिवा लावा वा न लावा, कॉइलला सुट्टी नाही. तिच्या तारेवर वार्निशाचा पातळ लेप असतो. उष्णता दर १० अंशांनी वाढली की अशा लेपाचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा विजेच्या धंद्यातला ठोकताळा आहे. त्यात इंजिनाची थरथर आणि पावसाळ्यामागून पावसाळे सोसून जोडांवर चढलेला हिरवा गंज. मला वाटले, संपले, म्हातारपणाला औषध नाही.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रींचा निरोप आला. गेलो. ते गाडीजवळ उकिडवे बसले होते. मान वर न करता म्हणाले, "गुरुजी, अर्थ लागत नाही."

मराठीच्या मास्तराला हे ऐकवावे! पण त्यांचा 'अर्थ' वेगळा होता. विजेला परत जायला चासीतून जी वाट लागते, ती. त्यांनी इंजिन चालू केले आणि मीटर धरला. रेग्युलेटरवर १४.४ व्होल्ट, बॅटरीवर १३.४.

"एक व्होल्ट कुठं गेला?" मी विचारले.

"या बोल्टाखाली," ते म्हणाले. रेग्युलेटरचे अंग त्या बोल्टाने चासीला टेकते, आणि टेकते त्या जागी माझा काळाभोर रंग होता. अडथळा एक दशांश ओहमचा. पण त्यातून १० अँपिअर वीज जाऊ लागली की एक व्होल्ट तिथेच अडकतो. रेग्युलेटर पाहतो तो स्वतःजवळचा दाब. त्याला वाटते, बॅटरीचे पोट भरले. म्हणून तो वीज परतवीत राहतो, स्वतः तापतो, कॉइलला तापवतो, आणि पलीकडे बॅटरी उपाशीच.

मी गप्प झालो. पहिल्या बाकावरच्या माना हलताना पाहून सारा वर्ग समजला असे धरून चालणारा मास्तर मला चांगला ठाऊक आहे.

मिस्त्रींनी पॉलिशपेपरने रुपयाएवढी जागा घासून लखलखीत केली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावले. पुन्हा मीटर धरला. दोन्हीकडे जवळजवळ सारखाच आकडा. मग म्हणाले, "दोनदा बदलला, पण खालची जागा बघितली नाही, ती माझी चूक. पण माल खरा होता, गुरुजी."

जुन्या गाडीचे भाग वयाने झिजतात हे खरेच. पण माझ्या गाडीचे भाग वयाने मेले नव्हते. मीच हौसेने त्यांची वाट बुजवली होती, आणि मेलेल्यांचा दोष ज्यांनी ते बसवले त्यांच्या माथी मारला होता.

मी क्षमा मागितली. मिस्त्री हसून "राहू द्या" म्हणाले, चहा मागवला. पण घरी परतताना, दिवा कधी नव्हे इतका पांढरा पडलेला असताना, माझ्या लक्षात आले की अपमान मी चारचौघांत केला आणि क्षमा मागितली ती एकांतात. हिशेब जुळत नव्हता. आमच्या गावच्या वाचनालयात हा अंक येतो, आणि ते दोन विद्यार्थी तिथे नेहमी बसतात. म्हणून हे लिहिले.