मराएवरचं बोलणं

न्यूझीलंडमधल्या मूळनिवासी माओरींची सभा मराएवर, म्हणजे त्यांच्या सामाईक सभास्थानी, भरते. पाहुणे थेट आत शिरत नाहीत. यजमानांकडची बाई उंच, लांबलचक सुरात साद घालते. पाहुण्यांतली बाई तशीच साद परत देते. दोन्हींकडून गेलेल्या माणसांची आठवण निघते. पुरुषांची भाषणं त्यानंतर. सभेतला पहिला आवाज बाईचा!

•

भाषणाला म्हणतात फाइकोरेरो. वक्ता अनेकदा कोरीव काठी घेऊन येरझारा घालत बोलतो. पूर्वज, डोंगर, नदी, मृत यांना आधी वंदन, कामाचं मागाहून. बोलणं संपलं की त्याची माणसं उठून गाणं म्हणतात. त्याशिवाय भाषण पुरं झालं असं धरत नाहीत. कुठे यजमानांचे सगळे वक्ते आधी बोलतात, कुठे आळीपाळीने. नियम भरपूर आहेत.

•

मयत झालं की शव बहुधा उघड्या पेटीत, दोन-तीन दिवस मराएवर. घरच्या बायका भोवती बसून. येणारा मृताशीच बोलतो, 'तू' म्हणून. कौतुक करतो, प्रसंगी चारचौघांत रागावतोही: इतक्या लवकर का गेलास? डोळ्यांचं-नाकाचं पाणी वाहू देतात. त्यात लाज नाही, उलट तो मान.

•

आपल्या शोकसभेतल्या दोन मिनिटांच्या स्तब्धतेसारखी स्तब्धता 11 नोव्हेंबर 1919 ला ब्रिटिश साम्राज्यात पाळली गेली. आपल्या गावाकडच्या बायका मात्र, माओरींसारख्याच, गेलेल्याला नावानं हाका मारत, त्याच्या गोष्टी सांगत रडत आल्या. मला त्यांची रीत जवळची वाटते.

•

17 एप्रिल 2013. समलिंगी विवाहाचा कायदा मंजूर होताच न्यूझीलंडच्या संसदेत प्रेक्षक सज्जातून माओरी प्रेमगीत सुरू झालं, खासदारही उभे राहून गाऊ लागले. कुणाला शिक्षा झाली नाही.

•

14 नोव्हेंबर 2024. त्याच संसदेत वैतांगी कराराचा, म्हणजे माओरी आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातल्या कराराचा, अर्थ नव्याने ठरवू पाहणारं विधेयक. 22 वर्षांच्या माओरी खासदार हाना-राफिती मायपी-क्लार्क मत देताना उठल्या, विधेयकाची प्रत फाडली आणि हाका, म्हणजे माओरींचा घोषनाच, सुरू केला. सज्जाही त्यात मिसळला. कामकाज थांबवावं लागलं. संसदेच्या विशेषाधिकार समितीचं म्हणणं असं, की हाकाला बंदी नाही, पण मतदान चालू असताना जागा सोडून दुसऱ्या पक्षासमोर तो करणं म्हणजे धाकदपटशा.

आक्षेप खोटा नाही. मतदान अडलं होतं. पण 1840 च्या त्या करारावर घाला येतो आहे असं वाटलं, तर माओरी माणूस कुठल्या रीतीनं बोलणार? हाका ही रागाला घातलेली शिस्तच आहे: ताल ठरलेला, शब्द ठरलेले, पाय एकदम पडणारे. ती न ओळखणाऱ्या सभागृहानं फक्त आपलीच शिस्त खरी मानली.

विधेयक 10 एप्रिल 2025 ला 112 विरुद्ध 11 मतांनी पडलं. जूनमध्ये मायपी-क्लार्क यांना 7 दिवस आणि हाकात सामील झालेल्या त्यांच्या पक्षाच्या दोन्ही नेत्यांना प्रत्येकी 21 दिवस निलंबित केलं. त्याआधी तिथे कुणालाच 3 दिवसांहून जास्त निलंबन झालेलं नव्हतं.