टेबलावरचे सतरा डॉलर

ठरलेल्या मजुरीवर कोणी आणखी चार पैसे हातावर ठेवू लागला की आमचा हात आपोआप मागे येतो. ही सवय आम्हाला वडिलांनी लावली. याच सवयीपायी परमुलखात आमच्या हातून एक चूक घडली. ती सांगतो, कारण आता आपली मुले-मुली शिकून परदेशी जात आहेत, त्यांच्याकडे आईबापही जाऊन येतात. श्रीलंका-थायलंडच्या सहलींनाही आपली माणसे निघतात. आमची चूक त्यांच्या उपयोगी पडावी.

आमचे मूळ गाव दारव्हा तालुक्यातले. आजोबा गावकीची कामे करीत. सांगावा नेणे, मेलेले ढोर ओढणे, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे धावणे. या कामाला ठरलेली मजुरी नव्हती. सांजेला आजी टोपले घेऊन घरोघर भाकरीसाठी उभी राही. कोणी ताजी घाली, कोणी शिळी, कोणी ‘उद्या ये’ म्हणून दार लावून घेई. काम मात्र उद्यावर टाकायची सोय नव्हती. असले शिळे-उष्टे तुकडे घेणे सोडा, असे बाबासाहेबांनी 1927 साली महाडच्या परिषदेत बजावले. पुढच्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनाचा कायदा सुधारण्याचे बिल मांडले. आमचा वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, पण भाकरीचे टोपले इकडेही होते. 1956 साली नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि आमच्या वडिलांनी ते टोपले कायमचे बंद केले. गाव सोडून ते यवतमाळला आले, पाटीपुऱ्यात खोली घेतली आणि कापसाच्या जिनात रोजाने कामाला लागले.

1968 चा उन्हाळा असेल. सुट्टीत आम्ही बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात कपबशा धुवायला जात होतो. एका गिऱ्हाइकाने चहा पिऊन बशीत चार आणे टाकले आणि म्हणाला, “घे रे पोट्ट्या.” आम्ही हरखून घरी आलो आणि नाणे वडिलांपुढे धरले.

“कायले घेतले?” वडिलांनी विचारले.

“त्यानं खुशीनं देले, बा.”

“अन् त्याची खुशी नसती तं?”

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी वडील आमच्यासोबत हॉटेलात आले. त्या गिऱ्हाइकाचे नाणे त्यांनी हात जोडून परत केले आणि मालकाला म्हणाले, “शेठ, पोरगं चांगलं काम करते, तं त्याची मजुरी वाढवा.” मालक हसला. मजुरी वाढली नाही. वडिलांनी आम्हाला तिथून काढून घेतले. चार आणे गेले, कामही गेले. आम्ही त्या रात्री रडलो होतो.

पंचावन्न वर्षांनी, 2023 साली, आम्ही उभयता अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरी मुलीकडे गेलो. आम्ही एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेलो. आमच्या आयुष्यमतीने तर विमान पहिल्यांदाच पाहिले. एका रविवारी मुलगी-जावयांनी आम्हाला हॉटेलात जेवायला नेले. वाढायला एक काळ्या वर्णाच्या बाई होत्या, वयाने आमच्या आयुष्यमतीएवढ्याच. तिखट चालते का, पाण्यात बर्फ हवा का, सगळे त्या हसून विचारीत होत्या. बिल चौऱ्याऐंशी डॉलर झाले. जावयांनी ते कार्डाने भरले आणि टेबलावर वेगळे सतरा डॉलर ठेवले. नातू रडायला लागला म्हणून ती तिघे गाडीकडे पुढे गेली. आम्ही मागे राहिलो.

त्या सतरा डॉलरकडे पाहून आम्हाला बशीतले चार आणे आठवले. आमच्या मनाने घेतले की एवढ्या वयाच्या बाईपुढे असे पैसे टाकून जाणे म्हणजे तिचा अपमान आहे. आम्ही नोटा उचलल्या आणि गाडीत बसताच मुलीच्या हातावर ठेवल्या. “शिकलेसवरलेले लोक तुम्ही, बक्षिशी काय फेकता?” असेही वर ऐकवले.

मुलीचा चेहरा उतरला. “पप्पा, ती बक्षिशी नव्हती. तो तिचा पगार होता.”

मग तिने गाडीतच आम्हाला सगळे समजावले. अमेरिकेत केंद्राच्या कायद्याने कमीत कमी मजुरी तासाला 7.25 डॉलर आहे. पण ज्या कामगाराला गिऱ्हाइकाकडून टीप मिळते, त्याला मालकाने फक्त 2.13 डॉलर दिले तरी कायद्याला चालते. हा आकडा 1991 पासून तसाच आहे. बाकीचे टिपेतून निघावेत असा हिशेब. टीप कमी पडली तर उरलेले मालकाने भरून द्यावेत असेही कायदा म्हणतो, पण नोकरी टिकवायची असलेल्या माणसाला मालकाकडे तो हिशेब मागणे किती सोपे असते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत पूर्ण मजुरी द्यावीच लागते, टेक्सासात मात्र 2.13 चाच नियम चालतो. आम्ही मनात हिशेब केला. आमच्या एका ताटाला वीस डॉलर पडले होते. नुसत्या मालकाच्या पैशावर ते ताट विकत घ्यायचे तर त्या बाईंना नऊ तासांहून जास्त राबावे लागले असते.

गाडी परत वळवली. आम्ही स्वतः आत गेलो आणि दोन्ही हातांनी ते पैसे त्यांच्या हाती दिले. मुलीने माफी मागितली. त्या बाई आधी काय म्हणाल्या ते मुलीने आम्हाला मराठीत सांगितले, “जेवण आवडलं नाही का? माझं काही चुकलं का?” टेबल रिकामे पाहून त्यांनी स्वतःचीच चूक शोधली होती. वडिलांनी दिलेला मान आम्ही त्यांना द्यायला गेलो आणि त्यांची मजुरी घेऊन आलो होतो.

या चालीचे एक मूळ तिथल्या गुलामगिरीत आहे. 1865 साली गुलामगिरी कायद्याने संपली. पुढे पुलमन नावाच्या कंपनीने आपल्या रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत सुटलेल्या गुलामांना हमाल म्हणून नेमले. पगार अगदी थोडा, बाकी प्रवाशांच्या टिपेवर. प्रवासी त्यांना नावाने हाक मारीत नसत, मालकाच्या नावावरून सगळ्यांनाच ‘जॉर्ज’ म्हणत. 1925 साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या हमालांनी संघटना उभारली. टिपेच्या आशेवर नको, जगण्यापुरत्या पगारावर काम करू द्या, असे त्यांचे म्हणणे होते. बारा वर्षे झगडून 1937 साली कंपनीशी करार झाला. हे वाचले तेव्हा आम्हाला आजीचे टोपले दिसले. मुलूख दुसरा, पण काम आधी करून घ्यायचे आणि मोबदला मर्जीवर ठेवायचा, ही रीत तीच.

म्हणून परदेशी जाणाऱ्या आपल्या माणसांना आमचे सांगणे असे. अमेरिकेत बसून जेवलात तर बिलावर शंभराला पंधरा ते वीस ठेवायचे असतात. खिशाला ते झेपत नसेल तर घरी जेवावे, वाढणाऱ्याच्या पोटावर बचत करू नये. जपानात टीप देण्याची रीत नाही, ठेवलेले पैसे विसरलात म्हणून परत आणून देतील. श्रीलंकेत बऱ्याच हॉटेलांच्या बिलात शंभराला दहा सेवाआकार आधीच धरलेला असतो, तेव्हा आधी बिल वाचावे. आपल्या देशात हॉटेलवाल्याला सेवाआकार बिलात आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 साली सांगितले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. देणे न देणे गिऱ्हाइकाच्या खुशीवर आहे.

पण खुशी हा शब्द आला की वडिलांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. यंदा पांढरकवड्याजवळ एका धाब्यावर आम्ही जेवायला थांबलो. वाढणारा मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल. सहज विचारले, “भाऊ, पगार किती देतात?” तो म्हणाला, “पगार कमीच हाय काका. मालक म्हनते, टीप भेटते ना तुले.”

डॅलसचा कायदा इथे कोणी छापलेला नाही, तरी धाब्यावर तोच चालतो. 1946 साली मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी किमान वेतनाचे बिल मांडले, 1948 साली त्याचा कायदा झाला. मजुरीचा आकडा मालकाच्या किंवा गिऱ्हाइकाच्या मनावर राहू नये, म्हणूनच ना?

त्या मुलाला आम्ही पन्नास रुपये हातात दिले. टेबलावर टाकले नाहीत. गल्ल्यावर जाऊन मालकालाही म्हटले, “पोरगं चांगलं काम करते, त्याचा पगार वाढवा.” हा मालकही हसला.

पैसे द्यावेत, कारण आज संध्याकाळी त्या पोराच्या घरी चूल पेटायची आहे. पण ते देऊन आपण उपकार केला असे समजू नये, आणि मालकाला विचारणेही सोडू नये. आपल्या घरच्या लग्नात वाढपी बोलावताना, मांडवात भांडी घासणाऱ्या बायांना सांगताना, मजुरी आधी ठरवावी आणि ठरलेली त्याच दिवशी हातात द्यावी. नंतर खुशीने काही द्यावेसे वाटले तर जरूर द्यावे. आपली खुशी नसली तरी त्यांचे घर चालले पाहिजे.

बशीतले चार आणे परत करायला लावल्याबद्दल आम्ही वडिलांवर बरेच दिवस रुसलो होतो. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळायला आम्हाला डॅलसपर्यंत जावे लागले.