‘गो’चे ‘वेंट’

इंग्रजीचा भूतकाळ शिकू लागलेला विद्यार्थी ‘वॉक’ला ‘एड’ प्रत्यय लावून ‘वॉक्ट’ म्हणतो आणि हर्षभरित होतो. तोच ‘गो’ आडवा येतो. त्याचे ‘गोड’ होत नाही (झाले असते तर गोडच!), होते ‘वेंट’. वस्तुतः ‘वेंट’ हे ‘वेंड’ या निराळ्याच क्रियापदाचे रूप. पंधराव्या शतकाच्या सुमारास ते ‘गो’च्या घरी दत्तक आले. विद्यार्थी बिचारा इंग्रजांवर रागावतो. पण आपल्या मायबोलीत तरी ‘जा’चे ‘जाला’ कोठे होते? ‘जा’ संस्कृत ‘या’ धातूचा, तर ‘गेला’ ‘गम्’ धातूचा. शिवाय इंग्रजीत राम जावो की सीता, ‘वेंट’ एकच. मराठीत मात्र गेला, गेली, गेले, गेल्या, गेलो, गेलास! मराठी शिकणाऱ्या इंग्रज मुलाने किती अश्रू ढाळावेत?