पावसाळ्यातला प्रिंटर

सोमवार, १६ जून
साहेबांना साडेदहापर्यंत दाव्याच्या प्रती हव्या होत्या आणि प्रिंटरच्या पडद्यावर ५१०० येऊन बसला. आमच्या कॅननच्या यंत्रात या आकड्याचा अर्थ, छपाईचं हेड वाहून नेणारी गाडी अडली. प्लग काढला, झाकण उघडलं, बॅटरी मारून पाहिलं. आत कागद नव्हता, पिन नव्हती. मग गाडीच्या मागची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी पाहिली. तिच्यावर अगदी बारीक रेघा असतात. गाडीतला सेन्सर त्या मोजत जातो आणि त्यावरून गाडी कुठवर आली ते यंत्राला कळतं. पट्टीवर शाईचा सूक्ष्म फवारा आणि ओल मिळून चिकट थर बसला होता. मऊ फडक्याला डिस्टिल्ड वॉटर लावून, पट्टी न ओढता, हलक्या हाताने पुसली. स्पिरिट लावलं नाही. काही पट्ट्यांवरच्या रेघा त्याने पुसल्या जातात. गाडी चालू झाली.
गाडी अडली एवढंच कोड सांगतो. कशाने अडली ते सांगत नाही. कागदाचा तुकडा, स्टेपलची पिन, मळलेली पट्टी, सगळ्यांना आकडा एकच.

बुधवार, १८ जून
आज १३००, म्हणजे कागद अडकला. कारण बाहेरच कोसळत होतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा या चार महिन्यांत. ट्रेमध्ये उघडा राहिलेला कागद ओला दिसत नाही, पण दमट होतो, कडा वळतात, एकावेळी दोन-तीन पानं ओढली जातात. आजपासून उघडलेलं रिम पापडासारखं डब्यात बंद आणि ट्रेमध्ये गरजेपुरताच कागद.
शिपाईकाका समोरून जोर लावून पान ओढायला निघाले होते. म्हटलं, “काका, थांबा. मागचं झाकण काढू, कागद ज्या दिशेने चाललाय त्याच दिशेने दोन्ही हातांनी सोडवू.” फाटलेला कपटा आत राहिला की उद्याचा ५१०० ठरलेला.

मंगळवार, २४ जून
छपाई चालू असताना वीज गेली. हेड अधेमधेच उघडं राहिलं. एरवी काम संपलं की गाडी बाजूला जाते आणि हेडवर रबरी टोपी बसते. केसाहून बारीक छिद्रांतली शाई त्यामुळे सुकत नाही. वीज आल्यावर प्रिंटर लगेच चालू करून हेड जागेवर जाऊ दिलं. भिंतीवरचं बटण दाबून प्रिंटर बंद करणाऱ्यांनाही हेच सांगायचं: आधी प्रिंटरचं स्वतःचं बटण, मग भिंतीवरचं.
ज्युनिअर वकील मॅडमनी विचारलं, “हेडचा कोड आला की सगळे एवढे का घाबरतात?” काही कंपन्यांच्या हेडमध्ये विजेने वाकणारा स्फटिक शाई ढकलतो. आमच्यात मात्र छिद्रामागे सूक्ष्म हीटर असतो. तो क्षणार्धात तापतो, शाईत बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर उडतो. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजला चुकून लागली आणि सुईतून शाई उडाली. ही पद्धत त्यातून सुचली. म्हणजे हेड हा विजेवर चालणारा नाजूक भाग. बी२०० दिसला तर तिथल्या व्होल्टेजमध्ये गडबड. प्लग काढून थोडा वेळ ठेवायचं, हेडचे संपर्कबिंदू कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायचे, एकदा चालवून बघायचं. पुन्हा तोच कोड आला तर परत परत चालू-बंद करायचं नाही. खराब हेड मुख्य बोर्डालाही घेऊन जातं.

गुरुवार, ३ जुलै
काळ्या अक्षरांत पांढऱ्या रेघा. आधी नोझल चेकचं पान काढलं, मग क्लीनिंग दिलं, सुधारणा दिसल्यावर थांबलो. डीप क्लीनिंग दिलं नाही. क्लीनिंगमध्ये शोषलेली शाई कुठे हवेत जात नाही. यंत्राच्या बुडाशी स्पंजसारखं पॅड असतं, तिथे साचते. त्या पॅडबद्दल सूचना देणारा १७०० आज पडद्यावर होताच. नवीन पॅड मागवलं.

शुक्रवार, ११ जुलै
५बी००. पॅड भरलं, यंत्र ठप्प. साळवी स्टॉपहून दुरुस्तीवाला आला. लॅपटॉप उघडत म्हणाला, “रीसेट मारून देतो, पाच मिनिटांचं काम.”
“आणि पॅड?”
“ते काय ओ, सगळं थोडंच भिजलेलं असतं!”
त्याचं अर्धं खरं. यंत्र पॅडचं वजन करत नाही. किती क्लीनिंग झाली, किती शाई गेली असेल, याचा हिशेब ठेवतं आणि ठरलेल्या आकड्याला थांबतं. रीसेटने तो हिशेब शून्यावर येतो, शाई आहे तिथेच राहते. तिच्यातलं पाणी उडायला कोरडी हवा लागते, ती आषाढात कुठून आणायची? आग्रह धरून खोललं. पॅड काठोकाठ भरून निथळत होतं. आधी पॅड बदललं, मग रीसेट. नुसतं रीसेट केलं असतं तर शाई टेबलावरून खालच्या फायलींवर उतरली असती, आणि पक्षकारांची मूळ कागदपत्रं दुसरी छापून मिळत नाहीत.

मंगळवार, २२ जुलै
प्रिंटरशेजारी कागद चिकटवला. कागदाचा कोड: आपण काढायचा. गाडीचा आणि हेडचा: एकदा साफ करून बघायचा, पुन्हा आला तर दुरुस्तीवाला. पॅडचा: पॅड बदलल्याशिवाय रीसेट नाही. हे आकडे आमच्या यंत्राचे. दुसऱ्या कंपनीचे वेगळे असतात, तेव्हा तुमच्या यंत्राचं पुस्तक बघून तुमचा तक्ता करा. आणि काहीही करण्याआधी कोड तारखेसह लिहून ठेवा, कारण प्रिंटर बंद केला की तो पडद्यावरून जातो आणि दुरुस्तीवाल्याला सांगायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.